फ्रिजचा सूर

"तुला सर्दी झालीये का मला बहिरेपण आलंय, ते एकदाचं ठरव," मास्तर त्यांच्या ढोलाला सांगत होते.

मी व्हॅनच्या मागच्या सीटवर झोपेचं सोंग घेऊन पडले होते. ढोल माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर होता आणि मास्तर त्याच्या दोऱ्या ढिल्या करत होते. आणखी किती ढिलं करायचं, म्हणाले, हे काय वाद्य आहे का उशी आहे. मग एक थाप मारली. आवाज खरंच उशीवर मारल्यासारखा आला. "घे," ते पुटपुटले, "आता तुझ्यावर डोकं ठेवून झोपायचं तेवढं बाकी आहे."

मास्तरांची कुरकुर ही आमच्या व्हॅनची दुसरी मोटर आहे. ती बंद पडली की आम्ही काळजीत पडतो. पण त्या दुपारी मी डोळे घट्ट मिटून घेतले, कारण ढोल का ढिला करावा लागतोय ते मला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, ते माझंच काम होतं. निदान मला तसं वाटत होतं.

आम्ही चौघं. गाते ती ताई, माझी नणंद. वय अठ्ठावन्न, ते ती कुणापासून लपवत नाही, केसही रंगवत नाही. तिचा धाकटा भाऊ गिटार वाजवतो. तो पन्नाशीचा झाला तरी ती त्याला बाळ्या म्हणते, आणि पोस्टरवर सगळ्यात मोठ्या मिश्या त्याच्याच आहेत. हा बाळ्या माझा नवरा. मास्तर शाळेत गणित शिकवायचे, एक दिवस वर्गात फळ्याऐवजी टेबलावर जास्त वेळ हात चालू लागले तेव्हा राजीनामा देऊन ढोल घेतला. आणि मी व्हायोलिन. मला कुणी शिकवलं नाही. लग्नानंतर ह्या घरात सगळे गात-वाजवत असायचे आणि मी एकटी भांडी विसळत असायचे, तेव्हा चिडून शिकले. अजूनही मी गज कलथ्यासारखा धरते असं जाणकार म्हणतात. ताईमुळे मास्तरही मला वहिनी म्हणतात, मास्तरांमुळे हॉलवाले, आणि आता कार्यक्रमपत्रिकेतसुद्धा 'व्हायोलिन: वहिनी' असं छापून येतं.

आमच्या संगीताला काय म्हणायचं ते मला आजतागायत नीट सांगता आलेलं नाही. छापणारे सायकेडेलिक फोक छापतात. लोकगीतवाल्यांना आम्ही चक्रम वाटतो आणि चक्रमांना आम्ही शेजारच्या काकू वाटतो. मधल्या फटीत जे शे-दोनशे लोक प्रत्येक शहरात असतात, ते आमचे. त्यातले चौदा-पंधरा येतात.

नवीन अल्बमचं नाव 'अकरा पायऱ्या'. सव्वीस वर्षांतला तिसरा. तो आम्ही ताईच्या स्वयंपाकघरात रेकॉर्ड केला, कारण त्या खोलीत आवाज छान घुमतो आणि चहाला लांब जावं लागत नाही. एकच अडचण होती, तिचा जुना फ्रिज. तो सतत एका सुरात हूं करत राहायचा. बंद करावा तर आतलं सगळं नासायचं. शेवटी ताई म्हणाली, त्याला गप्प बसवता येत नसेल तर त्याच्या सुरात गाऊ. मग आम्ही सगळी वाद्यं फ्रिजला लावली. अल्बमच्या सुरुवातीला बारा सेकंद नुसता फ्रिज आहे. समीक्षकांना त्यात विश्वाचा आदिनाद वगैरे ऐकू आला. आम्हाला माहीत होतं की त्यात अर्धं कलिंगड आणि मास्तरांची औषधं होती.

दौऱ्यावर फ्रिज काही नेता येत नाही. सूर लावायची छोटी मशीन हल्ली सगळ्यांकडे असते, पण ताईचा नियम पहिल्यापासून ठरलेला: मशीनला विचारून सूर लावायचा असेल तर मशीनलाच गायला लावा. म्हणून आम्ही पाळी लावली. रोज एकाने तो सूर आठवून द्यायचा, बाकीच्यांनी त्याला जुळवून घ्यायचं. ह्याला आम्ही फ्रिज उघडणं म्हणतो. आज फ्रिज कोण उघडणार? पहिली ताई, मग बाळ्या, मग मास्तर, मग मी, पुन्हा ताई. परक्या माणसाने ऐकलं तर आम्ही चौघं भुकेनं वेडे झालोय असं वाटेल.

आता माझं काम सांगते.

'अकरा पायऱ्या' ह्या गाण्यात अकरा ओळी आहेत. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक सूर वर सुरू होते. पहिली पायरी ताईच्या आवाजाच्या अगदी तळाशी, 'पहिल्या पायरीवर माझी चप्पल'. मग वर वर जात प्रत्येक पायरीवर काहीतरी सुटत जातं, चष्मा, किल्ल्या, स्वतःचं नाव, आणि शेवटी तिच्या आवाजाच्या पार माथ्यावर, 'अकराव्या पायरीवर घर नाही, नुसतंच वर'. ती ओळ ताई घरी म्हणायची तेव्हा मला गज खाली ठेवावासा वाटायचा.

दौऱ्यातल्या दुसऱ्याच शहरात अकराव्या पायरीवर तिचा आवाज फाटला. 'नुसतंच' म्हणताना कापड फाटावं तसा. तिने त्याचा खोकला केला, हसली, पाणी प्यायली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर व्हॅनमध्ये मास्तर हॉलच्या पंख्यांविषयी कुरकुरत राहिले आणि बाळ्याने चौकशी केली की चादरी कुणी घेतल्यात का. धूळ फार होती तिथे, मी म्हणाले. हो ना, धूळ, सगळे म्हणाले.

धुळीचा प्रश्न नव्हता. आणि बोलायचा प्रश्न फार मोठा होता. दौरा ठरला त्या दिवशी ताईने आम्हा तिघांना त्या स्वयंपाकघरात बसवून वचन घेतलं होतं. म्हणाली, "ज्या दिवशी अकरावी पायरी येणार नाही, त्या दिवशी मला तोंडावर सांगायचं. मी तिथल्या तिथे थांबेन. लोक लाजेकाजेस्तव टाळ्या वाजवतात अशी बाई मला व्हायचं नाहीये." आम्ही तिघांनी माना डोलावल्या. तिने सांगितलेलं ती करते, हे सव्वीस वर्षांत आम्ही पाहिलेलं होतं. म्हणजे एक वाक्य बोललं की संपलं. फक्त दौरा नाही. ताई एकटी राहते, मास्तर एकटे राहतात, आम्ही दोघं एका घरात राहतो आणि बऱ्याचदा तेही एकेकटेच. आमच्यात बोलायला आहे ते हे बॅंडचंच. ते काढून घेतलं तर जेवणाच्या टेबलावर मीठ दे, पाणी दे, एवढंच उरेल.

म्हणून माझी पाळी आली तेव्हा मी व्हायोलिनची खुंटी केसभर खाली फिरवली. खरंच केसभर. कालच्या सुरापेक्षा इतकं कमी की लक्षातसुद्धा येऊ नये. प्रवासात तारा उतरतातच. बाकीच्यांनी निमूटपणे माझ्याशी जुळवून घेतलं, आणि त्या दिवशी ताई अकराव्या पायरीवर कशीबशी पोचली. मला इतका आनंद झाला की मी हॉटेलात दोनदा आंघोळ केली.

पुढची पाळी आली तेव्हा पुन्हा केसभर. मग पुन्हा. अठ्ठावीस कार्यक्रमांत सात केस. मी कुणाला बोलले नाही, नवऱ्यालाही नाही. सगळ्या हॉटेलांच्या खोल्या एकाच आईच्या पोटच्या असतात, तोच पडदा, तीच किटली, तेच भिंतीवरचं होडीचं चित्र. तिथे आम्ही पाठीला पाठ लावून पडायचो. तो जागा आहे हे मला श्वासावरून कळायचं. मी जागी आहे हे त्यालाही कळत असणार. वाटायचं, सांगावं ह्याला. पण ती त्याची बहीण. तिचा आवाज उतरलाय हे त्याला त्याच्या बायकोच्या तोंडून कळावं का? मग मी विचारायचे, गजर लावलास का. तो म्हणायचा, लावलाय.

व्हॅनमध्ये चार माणसं आणि चार खिडक्या. ताई पुढे बसायची, गळ्याला मफलर, मांडीवर गरम पाण्याचा थर्मास. पूर्वी ती प्रवासभर बोलायची, पाट्या वाचून दाखवायची, बाळ्याच्या लहानपणीच्या फजित्या सांगायची. ह्या दौऱ्यात ती आवाज जपतेय म्हणून गप्प होती आणि आम्ही तिला त्रास नको म्हणून गप्प होतो. रेडिओवाले मुलाखत घ्यायला आले की विचारायचे, ह्या नव्या अल्बमविषयी सांगा. पहिल्या शहरात ती अर्धा तास बोलली. विसाव्या शहरात म्हणाली, "जिना आहे. चढायचा." मुलाखतकाराला वाटलं, काय गहन बोलल्या.

गेल्या चार-पाच कार्यक्रमांपासून एक वेगळीच गोष्ट व्हायला लागली होती. वरची पायरी यायची, पण पहिली हरवायला लागली. 'माझी चप्पल' इतकं खाली गेलं की तिथे आवाज नसायचाच, नुसती हवा. एका वर्तमानपत्राने त्या कुजबुजीचं तोंडभरून कौतुक केलं, गायिका म्हणे शांततेपासून सुरुवात करते. मी ते कात्रण दोनदा वाचलं. सात केसांनी एवढं खाली कसं गेलं? पण चोराच्या मनात चांदणं. हिशेब करायला बसलं असतं तर तोंड उघडावं लागलं असतं. माझी व्हायोलिनची तार बोटाखाली लुळी पडत होती, बाळ्याच्या गिटारीच्या तारा पट्टीवर आपटून झणझणत होत्या, मास्तरांचा ढोल उशी झाला होता. आणि आम्ही हवामानाला शिव्या देत होतो.

तर त्या दुपारी एकोणतिसावा कार्यक्रम होता, चार वाजता, एका रेकॉर्डच्या दुकानात. अशा दुकानांत प्रचाराचे छोटे कार्यक्रम असतात. चार-पाच गाणी वाजवायची, मग अल्बमवर सह्या करायच्या. दुकान लांबट आणि अरुंद होतं, दोन्ही बाजूंना लाकडी खण, शेवटी एक काउंटर. काउंटरवर रेकॉर्ड वाजवायचं जुनं मशीन, असं लखलखीत पुसलेलं की त्यात तोंड दिसावं. मालक साठीचा, अंगात विणलेलं स्वेटर, कोपरावर ठिगळ. त्याने आम्हाला मशीनची नाही, आधी मशीनला आमची ओळख करून दिली असावी इतक्या आदराने तो त्याच्याशी वागत होता. फिरणाऱ्या थाळीच्या कडेला बारीक ठिपक्यांची रांग होती आणि त्यावर छोटा दिवा. त्याने मला कौतुकाने दाखवलं: थाळी बरोबर वेगाने फिरत असली की हे ठिपके जागेवर उभे दिसतात. जरा हळू झाली की मागे सरकायला लागतात, जोरात झाली की पुढे. तेहतीस वर्षांत हलले नाहीत, म्हणाला.

"माझी बायको म्हणायची, ह्या दुकानात एवढी एकच गोष्ट वेळेवर चालते," तो म्हणाला. बायको आता नव्हती, ते त्याच्या 'म्हणायची'वरून कळलं.

त्याची एक युक्ती होती आणि ती सांगताना त्याचे कान लाल झाले. सुरुवातीला तो आमचीच रेकॉर्ड लावणार. फ्रिज, मग ताईची पहिली पायरी. ती संपली की तो सुई उचलणार आणि त्याच क्षणी आम्ही दुसरी पायरी प्रत्यक्ष गायला सुरुवात करायची. "म्हणजे तुम्ही रेकॉर्डमधून बाहेर आल्यासारखं वाटेल," तो म्हणाला. ताई त्याच्याकडे बघून हसली. कितीतरी दिवसांत ती अशी हसली नव्हती. छान कल्पना आहे, म्हणाली.

आम्ही मागच्या गोदामात खोक्यांवर बसून वाद्यं लावली. ताईची पाळी होती. तिने डोळे मिटले, थर्मासच्या झाकणातून एक घोट घेतला आणि हूं केलं. मी त्याला तार जुळवली. खुंटी आणखी थोडी खाली फिरवावी लागली. मला वाटलं, तिला आठवत नसेल नीट. बाळ्याने मान खाली घालून जुळवलं. मास्तरांनी एक दोरी ढिली केली आणि ढोलाकडे अशा नजरेने बघितलं, जसं आजारी नातेवाइकाकडे बघतात.

दुकानात सतरा माणसं होती. मी मोजली. एक आजी पहिल्या खुर्चीत, मांडीवर पिशवी. दोन-तीन दाढीवाले. एक जोडपं, बहुतेक भांडून आलेलं. मालक दोन शब्द बोलला, चारच झाले, आणि सुई ठेवली.

फ्रिज सुरू झाला.

आम्ही दौऱ्यावर निघाल्यापासून तो अल्बम ऐकला नव्हता. स्वतःचं कोण ऐकतं? व्हॅनमधलं यंत्र बंद पडलेलं. त्यामुळे दोन महिन्यांनी तो हूं माझ्या कानावर पडला, आणि ओळखीचं माणूस रस्त्यात भलतंच उंच झालेलं दिसावं तसं मला झालं. हा आपला फ्रिज? एवढा वर? मग ताईचा आवाज आला, 'पहिल्या पायरीवर माझी चप्पल', भरीव, ओलसर, जमिनीवर दोन्ही पाय रोवलेला. मालकाने नाजूकपणे सुई उचलली. बाळ्याची बोटं तारांवर पडली, मी गज ओढला, ताईने दुसरी पायरी घेतली.

आणि आम्ही रेकॉर्डमधून बाहेर आलो ते थेट तळघरात पडलो.

आजींनी दचकून पिशवी घट्ट धरली. एका दाढीवाल्याला हसू आलं. ते वाईट हसू नव्हतं, जिन्यात पायरी चुकली की येतं तसं. आम्ही थांबलो.

लोकांना नुसतं कळलं की काहीतरी बिनसलंय. आम्हा चौघांना मात्र ते मोजता येत होतं. तीन पट्ट्या. पेटीवर बोट ठेवून दाखवावं इतकं स्वच्छ, रेकॉर्डपेक्षा तीन पट्ट्या खाली होतो आम्ही. मी मनात पहिल्यांदा हिशेब केला. माझे सात केस, ते सगळे मिळून फार तर पाऊण पट्टी. मग उरलेलं? मी बाळ्याकडे बघितलं. तो गिटारीच्या खुंट्यांकडे बघत होता, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, ह्या माणसाच्या पाळ्या मी वाचू शकते. एकाच पांघरुणाखाली आम्ही दोघं एकच चोरी करत होतो आणि एकमेकांपासून लपवत होतो.

मास्तर ढोलाच्या कडेवर बोटं आपटत होते. ती थाप नव्हती, भागाकार होता. ओठ हलत होते. तीन भागिले पाऊण, म्हणजे त्यांच्याही वाट्याची पाऊणच.

"चार," ते अगदी हळू म्हणाले, आणि ताईकडे बघितलं.

चार. म्हणजे मी, तो, मास्तर. आणि चौथी ती. स्वतःच्याच पाळीला, आमच्यापासून लपवून, स्वतःसाठीच. तिला सांगावं लागेल म्हणून आम्ही घाबरत होतो आणि आम्ही सांगू म्हणून ती. जो तो दुसऱ्याला खाली उतरायला जागा करून देत होता, आणि सगळे मिळून अशा ठिकाणी पोचलो होतो जिथे पहिल्या पायरीखाली जमीनच उरली नव्हती. अळीमिळी गुपचिळी खेळावं तर आमच्याकडून शिकावं.

 त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलं आणि त्यातून काय आलं, तर "पाणी हवंय का कुणाला?"

तेवढ्यात मालकाने सगळं स्वतःवर घेतलं.

तो मशीनवर वाकला होता. त्याचा चेहरा मेल्याहून मेल्यासारखा झाला होता. माफ करा, तो लोकांना म्हणाला, मशीन जोरात पळतंय माझं. ठिपके तर जागेवर उभे होते, मला माझ्या जागेवरून दिसत होते, एकही हलत नव्हता. त्यालाही दिसत होते. त्याने डोळे चोळले, पुन्हा बघितलं. पण समोर चार जिवंत कलावंत बसलेले, स्वतःचं गाणं स्वतः गाणारे. ते कसे चुकतील? चूक मशीनचीच. त्याने ड्रॉवरमधून बारीक स्क्रूड्रायव्हर काढला, थाळी फिरत ठेवून सुई पुन्हा टेकवली आणि खालचा स्क्रू फिरवायला सुरुवात केली.

फ्रिज खाली उतरू लागला. पाव पट्टी, अर्धी. ताईचा रेकॉर्डमधला आवाज त्याच्याबरोबर उतरू लागला, जड होत गेला, शब्द लांबले, 'मा-झी' आणि 'चप्पल' ह्यांच्यामध्ये एक दमलेली फट पडली. जणू गाताना बाईचं वय वाढत होतं. मालक मान तिरकी करून ऐकत होता, आणि मधूनच ताईकडे बघून विचारत होता, एवढं? अजून थोडं?  ती त्या फिरणाऱ्या थाळीकडे बघत होती. मीही बघितलं. तेहतीस वर्षं उभे असलेले ठिपके मागे सरकायला लागले होते. आधी सावकाश, मग एकामागून एक, पळत.

"जुळलं," मालक म्हणाला. खरंच जुळलं होतं. मशीनमधून येत होता तो हुबेहूब आजच्या ताईचा आवाज होता.

त्याने सुई उचलली. घाम पुसला. आता सुरू करा, म्हणायला हवं होतं, पण त्याला राहवलं नाही. पहिल्या खुर्चीतल्या आजींकडे वळून म्हणाला, तुम्ही वीस वर्षं येताय, वीस वर्षं मी तुम्हाला प्रत्येक रेकॉर्ड चुकीची ऐकवली. माझ्या बायकोने निवडलं होतं मशीन, म्हणून मी कधी दुसऱ्या कुणाला तपासू दिलं नाही. आजी म्हणाल्या, अहो असू दे, मला काही कळलं नाही. त्याने तर त्याला जास्तच लागलं. तो कसनुसा हसला, मशीनचं झाकण दोन्ही हातांनी हलकेच खाली घेतलं, आणि म्हणाला की आजपासून हे काउंटरवर नको, मागे गोदामात ठेवतो, लोकांना फसवायला नको.

मास्तर कुरकुरले नाहीत.  बाळ्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. कितीतरी महिन्यांत आम्ही एकमेकांकडे एवढा वेळ बघितलं नव्हतं, आणि त्या बघण्यात आम्ही एकमेकांना म्हणत होतो, तू सांग. मी गज मांडीवर ठेवला. माझं वाक्य घशापर्यंत आलं होतं, शपथेवर सांगते. पण त्या वाक्यानंतर व्हॅन घराकडे वळणार, थर्मास फडताळात जाणार, आणि जेवणाच्या टेबलावर मीठ दे, पाणी दे.

मालक मशीनची वायर काढायला खाली वाकला.

ताई उठली. मफलर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, चार पावलं चालून काउंटरपाशी गेली आणि त्याच्या हातावर हात ठेवला. आमच्याकडे पाठ होती तिची. मला वाटलं, त्याला कानात काही सांगेल. पण ती बोलली ते सगळ्या दुकानाला, आजींना, दाढीवाल्यांना आणि आम्हाला ऐकू जाईल असं, न गाता, साध्या आवाजात.

"दादा, तो स्क्रू होता तसा फिरवा. तुमचं मशीन बरोबर आहे. माझा आवाज गेलाय."